'टर्न इट ऑफ' की 'टर्न ऑफ इट'? इंग्रजी वाक्यात क्रियापद, सर्वनाम आणि क्रियाविशेषण यांच्या जागा

खडूफळा

'टर्न ऑफ द फॅन' बरोबर. 'टर्न द फॅन ऑफ' हेही बरोबर. पण फॅनऐवजी 'इट' म्हटलं की 'टर्न इट ऑफ' एवढी एकच रचना उरते. 'टर्न ऑफ इट' चूक. याउलट 'लुक अ‍ॅट द फॅन'चं 'लुक अ‍ॅट इट' होतं, 'लुक इट अ‍ॅट' असं कुणीही म्हणत नाही. दोन्हीकडे क्रियापदामागून एक छोटा शब्द येतो, तरी सर्वनाम एकदा त्याच्या आधी आणि एकदा नंतर.

कारण हे दोन छोटे शब्द एका जातीचे नाहीत. 'टर्न ऑफ'मधला 'ऑफ' क्रियाविशेषण आहे, तो क्रियापदाचा. 'लुक अ‍ॅट'मधला 'अ‍ॅट' नामाशी बांधलेला आहे. आपलं शब्दयोगी अव्यय नामानंतर लागतं, इंग्रजीत तेच काम करणारा शब्द नामाच्या आधी उभा राहतो, एवढाच फरक. म्हणून 'अ‍ॅट' आणि 'इट' यांची ताटातूट करता येत नाही. 'ऑफ' मात्र क्रियापदाचा असल्यानं सर्वनाम मध्ये शिरतं.

रोजच्या वापरातले पहिल्या गटातले: टर्न ऑन, टर्न ऑफ, पिक अप, ड्रॉप ऑफ, पुट ऑन, टेक ऑफ, थ्रो अवे, राइट डाउन, फिल इन, लुक अप (शब्दकोशात शोधणे), वेक अप, गिव बॅक, कॉल बॅक. या सगळ्यांत मी, यू, हिम, हर, इट, अस, देम मध्येच येणार: 'पिक मी अप', 'वेक हर अप', 'राइट इट डाउन', 'कॉल अस बॅक'.

दुसऱ्या गटातले: लुक अ‍ॅट, लुक फॉर, लुक आफ्टर, वेट फॉर, लिसन टू, रन इंटू, डिपेंड ऑन. यांत सर्वनाम कायम शेवटी: 'वेट फॉर मी', 'लिसन टू हर', 'लुक आफ्टर देम'.

उदाहरणं मुद्दाम देवनागरीत लिहितोय, कारण यातला निम्मा भाग उच्चारातल्या आघाताचा आहे आणि चर्चा पुढे तिकडे जाईलच. शिकवणाऱ्यांनी भर घालावी.

रानवारा

गट कळले. पण नवीन क्रियापद समोर आलं तर ते कोणत्या गटातलं हे ओळखायचं कसं? 'अप', 'डाउन', 'ऑफ', 'ऑन', 'ओव्हर', 'थ्रू' हे शब्द तर दोन्ही कामं करतात.

तिरपीमात्रा

तीन कसोट्या आहेत. एकीनं शंका फिटली नाही तर दुसरी लावायची.

पहिली, नाम हलवून बघा. छोटा शब्द नामाच्या पलीकडे नेता आला तर तो क्रियाविशेषण. 'टर्न द फॅन ऑफ' चालतं, 'वेट द बस फॉर' चालत नाही.

दुसरी, मध्ये रीतिवाचक शब्द घालून बघा. 'लुक केअरफुली अ‍ॅट द फोटो' ठीक आहे, कारण 'अ‍ॅट द फोटो' हा वेगळा तुकडा आहे. 'टर्न क्विकली ऑफ द फॅन' मोडकं वाटतं, कारण 'टर्न ऑफ' हा एकच जोड आहे.

तिसरी कसोटी कानाची. क्रियाविशेषण असेल तर आघात त्याच्यावर पडतो: टर्न इट ऑफ, पिक इट अप. दुसऱ्या गटात आघात क्रियापदावर: लुक अ‍ॅट इट, वेट फॉर मी. 'टर्न इट ऑफ' सलग म्हणताना 'ट'कार पुढच्या स्वराला चिकटून 'टर-नि-टॉफ' असं ऐकू येतं. ऐकून शिकणाऱ्यांना ही तिसरी कसोटी सगळ्यात लवकर साधते, कारण नियम आठवायची गरजच पडत नाही.

रानवारा, 'दोन्ही कामं करणारे' शब्द म्हणालात त्यावर दोन जोड्या पाहा. 'रन अप अ हिल' म्हणजे टेकडी पळत चढणे, 'रन अप अ बिल' म्हणजे उधारी वाढवत नेणे. सर्वनाम घातल्यावर टेकडीचं 'रन अप इट' होतं आणि बिलाचं 'रन इट अप'. दुसरी जोडी आणखी उपयोगाची: 'सी थ्रू हिम' म्हणजे त्याचं सोंग ओळखणे, 'सी हिम थ्रू' म्हणजे अडचणीतून पार पडेपर्यंत त्याला साथ देणे. शब्द तेच तीन, अर्थ जवळजवळ उलटा. सर्वनामाची जागा चुकली तर इथे वाक्य नुसतं बेढब होत नाही, वेगळंच काहीतरी सांगून जातं.

अनुस्वार

खडूफळा यांच्या नियमाला दोन मर्यादा जोडायला हव्यात, नाहीतर विद्यार्थी बरोबर वाक्यांनाही चूक म्हणतील.

मध्ये येण्याची सक्ती फक्त पुरुषवाचक सर्वनामांना आहे. 'धिस', 'दॅट', 'दोज' अशी दर्शक सर्वनामं शेवटीही राहू शकतात: 'थ्रो अवे दोज' आणि 'थ्रो दोज अवे' दोन्ही चालतात. दर्शक सर्वनामावर आघात येऊ शकतो, 'इट'वर सहसा येत नाही, म्हणून ही सवलत.

दुसरं, कर्म लांबलचक असेल तर क्रियाविशेषण क्रियापदाजवळच ठेवावं. 'थ्रो अवे द पेपर्स दॅट केम लास्ट वीक' सहज कळतं. 'थ्रो द पेपर्स दॅट केम लास्ट वीक अवे' म्हटलं तर 'अवे' येईपर्यंत ऐकणारा लटकलेला राहतो.

खडूफळा

दोन्ही मर्यादा योग्य, आणि त्यांतून मूळ कारणही दिसतं. इंग्रजी वाक्याच्या शेवटच्या जागी वजन असतं, तिथे नवी माहिती किंवा लांब तुकडा जातो. 'इट' म्हणजे आधीच बोलून झालेली, वजन नसलेली गोष्ट, म्हणून ती मध्ये सरकते आणि शेवटची जागा 'ऑफ'ला मिळते. एवढं कळलं की क्रियापदांच्या लांब याद्या पाठ करायची गरज बरीच कमी होते.

हेच कारण आणखी एका ठिकाणी लागू पडतं. 'हिअर कम्स द बस' म्हणतात, पण 'इट' आलं की 'हिअर इट कम्स'. 'हिअर कम्स इट' नाही. तसंच 'देअर गोज द ट्रेन' पण 'देअर इट गोज', 'ऑफ वेंट द बॉइज' पण 'ऑफ दे वेंट'. वस्तू हातात देताना 'हिअर यू आर' किंवा 'हिअर इट इज' म्हणतात तेही याच साच्यातलं.

रानवारा

क्रियापद, 'इट', 'अप' आणि वर 'स्लोली'सारखा शब्दही आला तर? आणि 'राइट' कुठे बसतं? 'आय विल कॉल यू राइट बॅक' नेहमी ऐकू येतं.

तिरपीमात्रा

'-ली'वाले रीतिवाचक शब्द जोडाच्या बाहेर राहतात: 'टर्न इट डाउन स्लोली' किंवा 'स्लोली टर्न इट डाउन'. 'टर्न स्लोली इट डाउन' कधीच नाही, कारण या जोडांत क्रियापद आणि सर्वनाम यांच्यामध्ये इंग्रजी काहीही शिरू देत नाही. आवाजाच्या बटणावर बोट ठेवून सांगायचं असेल तर पहिली रचना जास्त बोलली जाते.

'राइट' आणि 'स्ट्रेट' यांना मात्र सर्वनामानंतर, छोट्या शब्दाच्या आधी जागा आहे: 'कॉल यू राइट बॅक', 'पुट इट स्ट्रेट बॅक'. ते पूर्ण क्रियेचं वर्णन करत नाहीत, फक्त 'बॅक'ला जोर देतात. आपल्या 'लगेच'सारखे. म्हणून 'आय विल कॉल राइट यू बॅक' बसत नाही.

ओळंबा

एकाच वाक्यात दोन सर्वनामं आली की काय होतं, त्यावर कुणी बोललं नाही. 'गिव मी द की' आणि 'गिव द की टू मी' दोन्ही बरोबर. किल्लीचं 'इट' झालं की 'गिव इट टू मी' म्हणावं. 'गिव मी इट' ब्रिटनमध्ये बोलण्यात ऐकू येतं, पण शिकणाऱ्यानं पहिलीच रचना धरावी, ती सगळीकडे चालते. परत मागायची असेल तर 'गिव इट बॅक टू मी'.

मराठी बोलणारे नेमके घसरतात ते 'एक्सप्लेन' आणि 'सजेस्ट'वर. 'मला समजाव' वरून 'एक्सप्लेन मी', 'मला एखादं पुस्तक सुचव' वरून 'सजेस्ट मी अ बुक'. या क्रियापदांना व्यक्ती थेट जोडता येत नाही, मध्ये 'टू' लागतो: 'एक्सप्लेन इट टू मी', 'कॅन यू सजेस्ट अ बुक?' 'से'चंही तसंच, 'ही सेड टू मी'. 'टेल' याच्या बरोबर उलट: 'टेल मी', 'टेल टू मी' चूक. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही, 'लेट अस डिस्कस इट' पुरतं. ही चूक पूर्ण भारतात, सराईत बोलणाऱ्यांच्याही तोंडी असते.

काजवा

माझा प्रश्न 'ऑल्वेज', 'नेव्हर', 'स्टिल', 'प्रॉबेब्ली' यांच्याबद्दल. 'ही ऑल्वेज इज लेट' की 'ही इज ऑल्वेज लेट'? पुस्तकात नियम आहे, पण नकार आला की विद्यार्थी गोंधळतात.

अनुस्वार

आधी होकारी वाक्यं. साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी: 'आय ऑल्वेज वॉक', 'शी नेव्हर कॉल्स मी'. 'अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर' असेल तर त्याच्या नंतर: 'ही इज ऑल्वेज लेट'. सहायक क्रियापदं एकाहून जास्त असतील तर पहिल्याच्या नंतर: 'आय हॅव नेव्हर बीन टोल्ड'. प्रश्नात कर्त्याच्या नंतर: 'डू यू ऑल्वेज वॉक?', 'आर यू स्टिल हिअर?'

'हॅव टू' फसवं आहे. तिथे 'हॅव' सहायक नसून मुख्य क्रियापदासारखं वागतं, म्हणून 'आय ऑल्वेज हॅव टू वेट'. आज्ञेत शब्द सुरुवातीला येतो: 'ऑल्वेज लॉक इट', 'नेव्हर टच इट'. छोट्या उत्तरात क्रियापद शेवटी पडतं आणि त्यावर जोर असतो, तेव्हा क्रम बदलतो: 'आर यू ऑल्वेज धिस बिझी?' याला 'यस, आय ऑल्वेज अ‍ॅम'. इथे 'आय अ‍ॅम ऑल्वेज' म्हणून थांबलं तर वाक्य अर्धवट राहतं.

आता नकार. इथे एकच नियम सांगून भागत नाही, प्रत्येक शब्दाचा स्वभाव पाहावा लागतो.

'ऑल्वेज' नकाराच्या नंतर: 'आय डोंट ऑल्वेज वॉक'. 'स्टिल' आणि 'प्रॉबेब्ली' नकाराच्या आधी: 'ही स्टिल हॅजन्ट रिप्लाइड', 'शी प्रॉबेब्ली वोन्ट कम'. 'शी वोन्ट प्रॉबेब्ली कम' असं वर्गात सर्रास ऐकू येतं, कारण होकारात 'शी विल प्रॉबेब्ली कम' बरोबर असतं आणि विद्यार्थी तोच साचा नकारात नेतो. 'युज्वली' दोन्हीकडे चालतं: 'आय डोंट युज्वली ईट इट', 'आय युज्वली डोंट'.

'रिअली'ची जागा बदलली की अर्थ बदलतो, म्हणून त्याचा वेगळा सराव घ्यावा. 'आय रिअली डोंट लाइक इट' म्हणजे मला ते अजिबात आवडत नाही. 'आय डोंट रिअली लाइक इट' म्हणजे फारसं आवडत नाही. पहिल्यात 'रिअली' नकाराला बळ देतं, दुसऱ्यात नकार 'रिअली'लाच कापतो. कुणी प्रेमानं वाढलेल्या पदार्थाबद्दल बोलायचं असेल तर दुसरं वाक्य वापरावं.

'हार्डली' आणि 'नेव्हर' यांच्यात नकार आधीच आहे. 'आय हार्डली नो हिम' पुरतं. त्यात 'डोंट' घालू नये. मराठीत 'कधीच जात नाही' असे दोन्ही शब्द लागतात, म्हणून 'आय डोंट नेव्हर गो' तोंडात येतं.

काजवा

'हॅव टू' आणि 'प्रॉबेब्ली' हे दोन्ही उद्याच्या वर्गात लगेच लागतील. आता 'आय लाइक व्हेरी मच इट' आणि 'ही स्पीक्स वेल इंग्लिश'. या दोन चुका काही केल्या जात नाहीत.

खडूफळा

दोन्हींचं कारण एक. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण सहसा बसत नाही. कर्म सर्वनाम असेल तर अजिबातच नाही. आधी कर्म, मग क्रियाविशेषण: 'आय लाइक इट व्हेरी मच', 'ही स्पीक्स इंग्लिश वेल'. मराठीत रीतिवाचक शब्द क्रियापदाला चिकटून येतो ('तो इंग्रजी चांगलं बोलतो'), म्हणून 'वेल'ही 'स्पीक्स'ला चिकटवला जातो. एक सूट आहे: कर्म म्हणून अख्खं उपवाक्य आलं तर क्रियाविशेषण आधी येऊ शकतं, 'शी एक्सप्लेन्ड क्लिअरली व्हाय इट फेल्ड'.

यावर वर्गात फार उपयोगी पडणारी एक गोष्ट. फळ्यावर मराठी वाक्य लिहा: 'ती काल घरी मन लावून अभ्यास करत होती.' काळ, स्थळ, रीत, क्रिया. खाली इंग्रजी लिहा: 'शी वॉज स्टडीइंग हार्ड अ‍ॅट होम यस्टरडे.' क्रिया, रीत, स्थळ, काळ. आरशातल्यासारखा उलटा क्रम. दोन्ही भाषांत क्रियेच्या सगळ्यात जवळ रीत, मग स्थळ, सगळ्यात लांब काळ. मराठीत क्रिया शेवटी असल्यानं मोजणी मागून सुरू होते, एवढंच. विद्यार्थ्याला नवा क्रम पाठ करावा लागत नाही, आपल्याच वाक्याचा शेपटाकडचा भाग उलटा वाचायचा असतो. कर्म असेल तर ते क्रियापदानंतर लगेच: 'शी रेड इट केअरफुली अ‍ॅट होम यस्टरडे'. जाण्यायेण्याच्या क्रियापदांना स्थळ आधी लागतं, 'ही वेंट होम क्विकली', तेवढा अपवाद सांगून ठेवावा.

ओळंबा

आरशाचा क्रम 'च', 'ही', 'सुद्धा' यांना लागू पडत नाही, आणि खरी घसरण तिथेच आहे. हे शब्द मराठीत ज्याच्यावर जोर द्यायचा त्यालाच चिकटतात: मीच, तोही, आजच, फोनसुद्धा. इंग्रजीतले 'ओन्ली', 'आल्सो', 'ईव्हन' तसे चिकटत नाहीत. 'मीच त्याला सांगितलं' याचं 'आय ओन्ली टोल्ड हिम' झालं की परदेशातला ऐकणारा 'मी फक्त सांगितलं, दुसरं काही केलं नाही' असं समजतो. हवं ते 'आय वॉज द वन हू टोल्ड हिम', किंवा 'आय टोल्ड हिम मायसेल्फ'. 'आजच पाठवतो'साठी 'टुडे ओन्ली' किंवा 'टुडे इटसेल्फ' भारतात सगळ्यांना कळतं. बाहेरच्या माणसाला लिहिताना 'आय विल सेंड इट टुडे' पुरे, जोर आवाजात द्यावा.

'ही'चं दोन तऱ्हांनी बघावं. होकारात शेवटी 'टू': 'मीही येतोय', 'आय अ‍ॅम कमिंग टू'. नकारात 'आयदर': 'मलाही माहीत नाही', 'आय डोंट नो आयदर'. 'आय आल्सो डोंट नो' कळतं, पण परकं वाटतं.

'ईव्हन' मात्र आपल्या 'सुद्धा'च्या बराच जवळ येतो. 'ईव्हन ही डिडन्ट कॉल' म्हणजे त्यानंसुद्धा फोन केला नाही. 'ही डिडन्ट ईव्हन कॉल' म्हणजे त्यानं फोनसुद्धा केला नाही. ज्याच्यावर जोर, त्याच्या आधी 'ईव्हन' असं सांगितलं की मुलं लगेच पकडतात.

तिरपीमात्रा

गाळलेल्या 'इट'चा मुद्दा राहिला. मराठीत 'पाठवलंस का?' हे पूर्ण वाक्य आहे, कर्ता आणि कर्म दोन्ही क्रियापदाच्या रूपातून आणि संदर्भातून कळतात. त्यावरून 'डिड यू सेंड?' येतं. इंग्रजी क्रियापद ती माहिती वाहत नाही, म्हणून 'डिड यू सेंड इट?' 'मला आवडलं' म्हणजे 'आय लाइक्ड इट'. 'मजा आली' म्हणजे 'आय एन्जॉइड इट' किंवा 'आय एन्जॉइड मायसेल्फ'. नुसतं 'आय एन्जॉइड' लोंबकळतं. पावसाला तर कर्ताच नसतो, तरी 'इट इज रेनिंग'.

'इट' गाळायची सवय असेल तर 'टर्न इट ऑफ'चा सराव करून उपयोग होत नाही, विद्यार्थी 'टर्न ऑफ' म्हणून थांबतो. आधी 'इट' जिभेवर यावं, मग त्याची जागा शिकवावी. माझ्या मते वर्गात याच क्रमानं जावं.

सरावाची पद्धत: एका वेळी पाचच क्रियापदं. प्रत्येकाची तीन वाक्यं सलग म्हणायची: नाम शेवटी, नाम मध्ये, सर्वनाम मध्ये. 'पिक अप द बॅग, पिक द बॅग अप, पिक इट अप.' मग त्याच पाचांत दुसऱ्या गटातली दोन मिसळायची, 'वेट फॉर इट', 'लुक अ‍ॅट इट'. न मिसळता केलेल्या सरावातून मुलं सगळीकडेच 'इट' मध्ये घालायला लागतात आणि 'वेट इट फॉर' जन्माला येतं.

रानवारा

मग ही पाच वाक्यं तपासून द्या, उत्तरं मी मुद्दाम लिहीत नाही.
अर्ज भरून उद्या परत दे. / मी अजून त्यांची वाट पाहतोय. / तीच मला रोज सोडते. / ते मला नीट समजावून सांगशील का? / त्यानं अजून मला उलट फोन केलेला नाही.

अनुस्वार

'फिल इन द फॉर्म अँड गिव इट बॅक टुमॉरो.' भरताना फॉर्म पहिल्यांदा येतो म्हणून नाम, परत देताना तो माहितीचा झाला म्हणून 'इट' आणि ते मध्ये.

'आय अ‍ॅम स्टिल वेटिंग फॉर देम.' 'स्टिल' पहिल्या सहायकानंतर, 'देम' 'फॉर'च्या नंतर.

'शी इज द वन हू ड्रॉप्स मी ऑफ एव्हरी डे.' इथे 'शी ओन्ली' नको.

'कॅन यू एक्सप्लेन इट टू मी प्रॉपर्ली?' 'प्रॉपर्ली' 'एक्सप्लेन' आणि 'इट' यांच्यामध्ये आणलं तर वाक्य फुटतं.

पाचव्याची दोन उत्तरं आहेत. 'ही हॅजन्ट कॉल्ड मी बॅक येट' ही साधी माहिती: फोन आला नाही, येईल. 'ही स्टिल हॅजन्ट कॉल्ड मी बॅक' म्हटलं की त्यात 'एव्हाना यायला हवा होता' हा वैताग येतो. मराठीत दोन्हीकडे 'अजून'च आहे, वैताग आपण आवाजात दाखवतो. कार्यालयीन ईमेलमध्ये वरिष्ठांबद्दल लिहिताना 'येट' वापरा.